त्वचारोगांवरील आपली घरगुती औषधे : हळदीच्या इतिहासाच्या निमित्ताने



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पूर्वजांच्या स्थलांतराविषयी, कुलदैवतांविषयी व ज्ञातीतील दात्यांविषयी लेख प्रसिद्ध होतात, व ते व्हावेत हे योग्यच आहे. परंतु ज्या इतिहासाला सनद नाही, ताम्रपट नाही, जो वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातांत व माजघरातल्या फळीवरील डब्यांत राहिला, त्याविषयी लिहिण्याचे सहसा कोणी मनावर घेत नाही. अंगावर पुरळ उठले, उन्हाने कातडी भाजली, पोराला खरूज झाली, बोटांच्या बेचक्यात इसब झाले, म्हणजे वैद्य-डॉक्टरांच्या आधी जे काही घरातल्या घरात केले जाई, त्याचाही एक इतिहास आहे. तो लहान नाही. त्यातला हळदीचा भाग येथे विस्ताराने सांगण्याचा विचार आहे. इतर वनस्पती ओघाने येतील.

मराठी माणसाच्या कातडीशी हळदीचा संबंध जन्मापासूनचा. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना साय, डाळीचे पीठ व चिमूटभर हळद. बाळंतिणीच्या अंगाला तेल-हळद. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे, ज्यात आंबेहळद, कचोरा, नागरमोथा व वाळा ही ठरलेली. लग्नात वराची उष्टी हळद वधूला. जेजुरीला गेलेला मनुष्य तर भंडाऱ्याने नखशिखांत पिवळा होऊनच परततो. यातले धार्मिक किती व औषधी किती, हे वेगळे काढून दाखविणे कठीण. माझ्या मते ते वेगळे काढण्याचा खटाटोपही करू नये. लग्नाच्या आधी चार दिवस अंगाला हळद लावणाऱ्या आत्याबाईंना मंगल आणि आरोग्य हे दोन निरनिराळे शब्द आहेत याची खबरही नव्हती.

आता ग्रंथांतरी काय आहे ते पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात औषधांचे पन्नास गण सांगितले आहेत व प्रत्येक गणात दहा द्रव्ये आहेत. त्यांपैकी दोन गण आपल्या विषयाचे : एक कुष्ठघ्न व दुसरा कंडूघ्न. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. आज आपण कुष्ठ म्हणजे महारोग असे समजतो. आयुर्वेदात मात्र त्या शब्दाचा अर्थ फार व्यापक आहे. सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा प्रकार, आणि त्यांत गजकर्ण (दद्रू), खरूज (पामा) व इसब (विचर्चिका) अशी आपल्या रोजच्या ओळखीची मंडळीही येतात. म्हणजे कुष्ठघ्न गण हा त्वचारोगांवरील औषधांचा गण होय. ती दहा द्रव्ये मराठीत सांगायची तर खैर, हिरडा, आवळा, हळद, बिब्बा, सातवीण, बहावा, कण्हेर, वावडिंग आणि जाईची कोवळी पाने. कंडूघ्न म्हणजे खाज शमविणाऱ्या गणात चंदन, जटामांसी, बहावा, करंज, कडुलिंब, कुडा, मोहरी, ज्येष्ठमध, दारुहळद व नागरमोथा ही आहेत. बहाव्याला दोन्हीकडे स्थान मिळाले आहे. उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांनी लगडलेले हे झाड आपण केवळ शोभेचे म्हणून पाहतो, हे त्या झाडाचे दुर्दैव.

वाचकांनी पहिल्या गणाकडे पुन्हा एकदा लक्ष द्यावे. हळदीच्या शेजारीच बिब्बा बसला आहे! ज्यांनी बिब्बा हाताळला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. बिब्ब्याचे तेल अंगाला लागून ‘उतले’ म्हणजे फोड येतात, कातडी सुजते, चट्टे काळे पडतात, आणि मग तीळ-खोबरे वाटून लावीत आठवडा काढावा लागतो. परटांच्या कपड्यांवरील खुणा पूर्वी याच बिब्ब्याच्या रसाने करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर व कमरेवर, नेमके कपड्यावरील खुणेच्या जागी, पुरळ उठू लागले. कारण शोधता बिब्बा निघाला, व १९४३ साली त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी या विकाराला ‘धोबी-खुणेचा त्वचादाह’ अशा अर्थाचे नाव देऊन त्याची नोंद केली. तेव्हा ‘नैसर्गिक ते निर्धोक’ असे जे वाक्य आज प्रत्येक बाटलीवर छापलेले दिसते, ते चरकांच्या यादीपुढे एक क्षणही टिकत नाही. ज्या आचार्यांनी बिब्बा सांगितला त्यांनी तो शुद्ध कसा करावा, कोणास द्यावा व कोणास देऊ नये हेही सांगितले. आपण औषधाचे नाव तेवढे घेतले, पथ्य सोडून दिले.

बावचीचीही गोष्ट अशीच. पांढऱ्या कोडावर बावचीच्या बिया लावून सकाळचे कोवळे ऊन घेण्याचा उपचार फार जुना. १९३३ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या बियांतून सोरॅलेन नावाचे द्रव्य वेगळे काढले. ते कातडीत गेले की कातडी सूर्यप्रकाशाला विलक्षण संवेदनशील होते. म्हणजे उन्हात बसण्याची जुनी सूचना निष्कारण नव्हती. अर्धे औषध बी, तर अर्धे औषध ऊन. पुढे १९७४ साली अमेरिकेत सोरायसिस या रोगावर याच वर्गातील औषध व अतिनील किरण यांचा एकत्र उपचार यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले, व तो जगभर रुजला. परंतु हेच बावचीचे तेल मापाबाहेर लावून दुपारच्या उन्हात बसणाऱ्याची कातडी भाजून निघते. नाजूक कातडीच्या माणसाने तर घरच्या घरी या वाटेस जाऊच नये.

कोडाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट येथे स्पष्ट लिहिणे मला कर्तव्य वाटते. कुंकू पूर्वी हळदीपासून होई. हळद, टाकणखार व लिंबाचा रस यांच्या संयोगाने पिवळ्याचे तांबडे होते. पंढरपूर आणि करमाळे तालुक्यातील केम ही गावे या धंद्यासाठी प्रसिद्ध आहेत. शाळेत असताना हळदीने माखलेल्या फडक्यावर साबणाचे पाणी टाकून ते लाल करून दाखविले की मुले टाळ्या पिटीत, आणि एखादी चुणचुणीत मुलगी हमखास म्हणे, “गुरुजी, हे तर कुंकवासारखे झाले!” कालांतराने बाजारच्या कुंकवात कृत्रिम रंग आले व त्यांनी पुष्कळ स्त्रियांच्या कपाळाला खाज व काळे डाग येऊ लागले. त्यानंतर टिकली आली. काही टिकल्यांच्या डिंकात असे एक रासायनिक द्रव्य असते की ते कातडीला रंग देणाऱ्या पेशींनाच मारते, व टिकलीच्या जागी तेवढाच पांढरा ठिपका उमटतो. त्वचारोगतज्ज्ञांना हे चांगले ठाऊक आहे. परंतु आपल्या समाजात काय होते? मुलगी पाहावयास आलेली मंडळी तो ठिपका पाहून “कोड आहे” असे कुजबुजतात व सोयरीक मोडते. असा प्रसंग माझ्या परिचयातील एका घरी घडला आहे. नावे अर्थातच देत नाही. ठिपका टिकलीचा होता की खरोखर कोडाचा होता, हा प्रश्नदेखील माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. कोड हा संसर्गजन्य रोग नव्हे, पाप नव्हे, आणि मुलीच्या गुणांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. वधूवर मेळावे भरविणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे जरी व्यासपीठावरून सांगितले तरी पुष्कळ होईल.

असो. मूळ विषयाकडे वळतो. संस्कृत निघंटूंत हळदीला नावे अनेक : हरिद्रा, निशा, रजनी, कांचनी, वर्ण उजळविणारी म्हणून वरवर्णिनी, कृमींचा नाश करणारी म्हणून कृमिघ्ना, स्त्रियांची आवडती म्हणून योषित्प्रिया, आणि बाजाराला शोभा आणणारी म्हणून हट्टविलासिनी. एकेका नावात एकेक उपयोग साठविला आहे. परकीयांचेही तिच्याकडे लक्ष गेले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. त्याने या देशातील औषधींविषयी संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, व त्यात हळदीला ‘या भूमीचे केशर’ अशा अर्थाच्या नावाने स्थान मिळाले आहे. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या डॉ. डायमॉक यांनी दोन सहकाऱ्यांसह देशी औषधींचा मोठा इंग्रजी ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात तीन खंडांत सिद्ध केला. आपल्याकडे शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘आर्यभिषक्’ लिहून वैद्यक मराठी घरांत पोहोचविले. ज्या घरी हा ग्रंथ पोथ्यांच्या शेजारी असे, त्या घरच्या आजीबाईंचा शब्द आळीत शेवटचा समजला जाई. हळदीतील पिवळे द्रव्य कर्क्युमिन हे १८१५ साली फ्रान्समध्ये प्रथम वेगळे काढण्यात आले. या सगळ्या नोंदींचे महत्त्व त्या त्या वेळी कोणाला वाटले नसेल. ते कळण्यासाठी विसाव्या शतकाची अखेर यावी लागली.

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास एक पेटंट दिले. त्याचा क्रमांक ५४०१५०४. विषय कोणता? जखम भरून येण्यासाठी हळदीच्या चूर्णाचा उपयोग! ते चूर्ण पोटात घ्यावे वा जखमेवर लावावे, असा तो ‘शोध’ होता. आणि शोधक म्हणून ज्या दोघांची नावे होती ते दोघेही मूळचे भारतीय. बोट कापले की हळद दाबून धरणे हे ज्या देशात चार वर्षांचे पोरही जाणते, त्या देशाला ही बातमी वाचून हसावे की रडावे हे समजेना. वृत्तपत्रांतून संताप उसळला. परंतु संतापाने पेटंट रद्द होत नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांत डॉ. रघुनाथ माशेलकर हे अग्रणी होते. गोव्यातील माशेल गावी १९४३ साली त्यांचा जन्म झाला, मुंबईत अतिशय गरिबीत शिक्षण झाले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते संचालक होते व १९९५ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. या परिषदेने १९९६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या कार्यालयाकडे फेरतपासणीचा अर्ज केला.

आता या प्रकरणातील खरी मेख सांगतो, कारण वर्तमानपत्री जयघोषात ती झाकली गेली. अमेरिकेचा त्या वेळचा कायदा असा होता की, एखादी गोष्ट पेटंट मागण्यापूर्वीच ठाऊक होती हे सिद्ध करावयाचे असल्यास, ती अमेरिकेत लोकांच्या वापरात असली तर चालेल. मात्र परदेशात नुसती वापरात असून उपयोगाचे नाही, ती छापलेली असली पाहिजे. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्या आज्या वॉशिंग्टनला नेऊन उभ्या केल्या असत्या आणि त्यांनी एकमुखाने शपथ घेतली असती, तरी त्या साक्षीचे मोल शून्य! कागद हवा होता. परिषदेने बत्तीस संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथ होते, काही शंभर वर्षांहून जुने होते. आणि त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापून आलेला एक निबंधही होता. ज्या कोणी तो निबंध लिहिला, त्यांना आपण चव्वेचाळीस वर्षांनंतरच्या एका खटल्यात साक्षीदार होणार आहोत याची कल्पनाही नसेल. १९९७ च्या ऑगस्टमध्ये त्या कार्यालयाने पेटंटमधील सर्व दावे फेटाळले, व १९९८ च्या एप्रिलमध्ये त्यावर अखेरचे शिक्कामोर्तब झाले.

पारंपरिक ज्ञानाच्या आधारावर एखाद्या विकसनशील देशाने अमेरिकेचे पेटंट असे रद्द करविण्याची ही पहिली महत्त्वाची घटना मानली जाते. तिचाच धडा घेऊन २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्याचे काम हाती घेण्यात आले, व संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत उतरवून परदेशी पेटंट-तपासनिसांपुढे ठेवण्यात आले. अमेरिकेनेही २०११ साली आपला कायदा बदलला. मार्च २०१३ पासून जगात कोठेही लोकांच्या उघड वापरात असलेली गोष्ट विचारात घेतली जाते. आज्यांची साक्ष ग्राह्य ठरण्यास इतकी वर्षे लागली. तथापि ग्रंथांत जे नाही ते या ग्रंथालयातही सहजी येत नाही. माझ्या आजोळी गांधीण उठली की कोकमाचे आगळ पाण्यात कालवून अंगाला लावीत. प्रत्येक घराचे असे दोन-चार उपाय होते, व ते सांगणाऱ्या स्त्रिया एकेक करून जात आहेत. त्यांचे माप काय होते? ‘चिमूटभर’, ‘अंदाजाने’, ‘हाताला लागेल तेवढे’. यंदाच्या दिवाळीत घरातल्या वृद्ध स्त्रीजवळ वही घेऊन बसावे, व चिमूट म्हणजे किती, कोणत्या पुरळावर, किती दिवस, आणि ते कोणाला सोसले नाही हेही लिहून घ्यावे, अशी माझी प्रत्येक घरास विनंती आहे. ‘कोणाला सोसले नाही’ हा रकाना विशेष महत्त्वाचा समजावा.

कारण पेटंट रद्द झाले याचा अर्थ हळद सर्व रोगांवर रामबाण ठरली असा नव्हे. ‘हे आम्हाला आधीपासून ठाऊक होते’ एवढेच त्या निकालाने सिद्ध झाले. ‘हे किती गुणकारी आहे’ हा प्रश्न तेथे नव्हताच. आपले अनेक व्याख्याते या दोन गोष्टींची बेमालूम भेसळ करतात. गुणाविषयी जे प्रयोग झाले त्यांतील एक आपल्या विषयाला अगदी लागू आहे. कडुलिंबाचा पाला व हळद एकत्र वाटून तो लेप खरजेच्या ८१४ रुग्णांना लावण्यात आला व तीन ते पंधरा दिवसांत शेकडा ९७ रुग्ण बरे झाले, असे १९९२ साली प्रसिद्ध झाले. आकडा मोठा आहे व मनाला आनंद देणारा आहे. परंतु लेप न लावलेल्या रुग्णांचा गट तुलनेस नसेल तर अशा आकड्याचे वजन निम्मे होते. शिवाय खरूज एका किड्यामुळे होते, ती घरभर पसरते, म्हणून एकट्या पोराला लेप देऊन भागत नाही. सर्व घराने एकाच वेळी उपचार घेऊन कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवावी लागतात. दुसऱ्या बाजूस, २०१७ साली अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरील संशोधनाचा मोठा आढावा घेऊन असे म्हटले की, प्रयोगशाळेत चमकणारे हे द्रव्य शरीरात टिकत नाही, व कसोशीने केलेल्या चाचण्यांत त्याचे यश दिसत नाही. ते म्हणणे मुख्यतः शुद्ध कर्क्युमिनविषयी आहे, सहाणेवर उगाळलेल्या हळकुंडाविषयी नव्हे. तरीही ते डोळ्यांआड करू नये. आणि क्वचित कोणाकोणाला खुद्द हळदीचेही वावडे असते. तिने कातडी लाल होऊन खाज सुटते. अशांनी हळद सोडावी. लग्नातली हळदही गालावर बोट टेकवून उरकावी. शास्त्राला त्यात बाध येत नाही.

शेवटी हळद मिळवावी कोठून, याविषयी चार शब्द. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर गाव आहे. तेथील जमिनीत पेवे खणून त्यांत हळकुंडे साठवीत. तेथील मातीत ती वर्षानुवर्षे किडीवाचून राहत. पेव उघडले की आत वायू कोंडलेला असे, म्हणून लगेच कोणी उतरत नसे. २००५ च्या महापुराने त्या पेवांची फार हानी केली. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली व सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अलीकडे हिंगोली-नांदेडकडेही हिचे पीक मोठे आहे. पण दळलेल्या हळदीत काय असते, हे दळणाऱ्यालाच ठाऊक. बांगलादेशात हळकुंडे चकाकावीत म्हणून त्यांवर शिशाचा पिवळा रंग, लेड क्रोमेट, चोळला जात असल्याचे २०१९ साली संशोधकांनी उघड केले. तेथील सरकारने जप्ती, दंड व जाहीर प्रचार असा तिहेरी मार्ग धरल्यावर २०२१ पर्यंत बाजारातील नमुन्यांतून ते शिसे नाहीसे झाले. शिसे लहान मुलांच्या बुद्धीला घातक असते. तेव्हा अंगाला लावण्याची हळद सुटी पूड घेऊ नये. अखंड हळकुंड आणावे, अवाजवी चकाकणारे नको, मळकट दिसले तरी चालेल. धुऊन, वाळवून, सहाणेवर दुधात वा पाण्यात उगाळावे, आधी मनगटाच्या आतल्या बाजूस बोटभर लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी, आणि मगच तोंडाला लावावे. फोड, पू, ताप किंवा बधिर चट्टा असेल तर मात्र सहाण बाजूस ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे.